खस बदलून मिळेल

मेकोसाबागेत पाटोळे सरांकडे मी दर एप्रिलला जातो.
खिडकीतला कूलर त्यांच्या वडिलांच्या वेळचा, जाड पत्र्याचा.
वडील अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर,
स्टँड त्यांनीच वेल्ड केलेला. अजून हलत नाही.

पहिल्या वर्षी मोटर उघडली, म्हटलं,
"सर, बुश गेला. घुमून राह्यली. बदलून टाकू?"
"थांब," म्हणाले. डोळे मिटले.
मग छातीच्या खालून, पोटाच्याही खालून,
जिथून माणूस सहसा बोलत नाही तिथून,
मोटरचा सूर उचलला आणि धरून ठेवला.
टाकीतल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या.
माझ्या हातातला पाना, खोटं नाही सांगत, शहारला.
"राहू दे. बरोबर लागलाय."

त्यांचं काम गाण्याचं होतं. जर्मनीत, एकतीस वर्षं.
गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
चर्चच्या क्वायरमध्ये सोळाव्या वर्षी आवाज फुटला
तो खाली गेला, आणि जातच राहिला,
दोर सुटलेली बादली विहिरीत जाते तसा.
पाळकसाहेब म्हणाले होते, आमोस, तळ लागला की सांग.

ऑपेरा म्हणजे काय, ते मी खस ठोकता ठोकता शिकलो.
तिथे भांडायचं ते गाऊन, दार उघड म्हणायचं तेही गाऊन,
मरायचं असेल तर फारच गाऊन.
आणि ज्याचा आवाज खालचा, त्याला नायिका मिळत नाही.
त्याला मिळतो राजा, बाप, पुजारी,
तुरुंगाचा शिपाई, नशीब असेल तर सैतान.

सव्विसाव्या वर्षी त्यांना पहिली पांढरी दाढी चिकटवली.
अकरा वर्षांनी मोठी बाई त्यांची मुलगी झाली,
तिला ते शाप देत, बुधवारी आणि शनिवारी.
गोंदाने हनुवटी सोलून निघायची.
एका राजाला चारच ओळी होत्या,
त्यासाठी तीन तास केसाळ झग्यात बसायचं,
बाहेर बर्फ, आत बनियन ओलं.
"त्या देशात उकाड्याने बेजार झालेला
मी एकटाच नागपूरकर असेन."

एकदा मुख्य गायकाचा घसा बसला.
सर मुकुट घालून पडद्याआड उभे राहिले.
सात मिनिटं उरली असताना त्याचा घसा सुटला.
हे सांगताना ते हसतात. मीही हसतो, खिळे तोंडात धरून.

मग एका संध्याकाळी दाढी लावणारी पोरगी
ब्रश हातात घेऊन थांबली, आरशात बघत राहिली.
आता लावायची गरजच नाही, म्हणाली.
त्याच वर्षी करार संपला.

यंदा मी ई-रिक्षा घेतली. वर भोंगा.
आवाज भरायचा होता, माझा तर टिनावर नख ओढल्यासारखा.
"सर, दोन मिनिटं बोलून देता काय?"

दोन मिनिटांचे दोन तास झाले.
त्यांनी कागदावर उतरवलं, श्वासाच्या खुणा केल्या,
"'मिळेल'वर थांबायचं की खाली उतरायचं?"
मग चष्मा काढून विचारलं,
"हा माणूस कोण?"
"कोनता मानूस?"
"हाक मारतोय तो."
"मीच ना सर. दुसरा कोन राह्यते?"
"वय?"
"चौतीस."

कूलर घुमत होता.
"चौतीसचा," ते म्हणाले,
"मला कोणी होऊच दिलं नाही."
उठले. चपला काढून बाजूला ठेवल्या. पोट आत घेतलं.

आता भर दुपारी जरीपटका, इंदोरा, बेझनबाग,
शेचाळीस डिग्री, डांबर टायरला धरून ठेवतं,
आणि गल्लीभर तो आवाज,
कूलर दुरुस्ती, पंप, मोटर, खस बदलून मिळेल.
कुत्री सावलीतून उठून उभी राहतात.
काल एक बाई ओले केस टॉवेलात गुंडाळून गॅलरीत आली,
भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत भोंग्याकडे.
"तुमचाच आवाज होय काय भाऊ?"

"हाव," म्हटलं.
वय तर माझंच होतं.